विश्लेषण : पुणतांब्याचे चितळकर मुंबईचे सी. रामचंद्र कसे झाले? त्यांची मुंबई आज पायी कशी पाहता येईल?

प्रजासत्ताक दिनी शाळेच्या पटांगणात वाजणारे ‘ऐ मेरे वतन के लोगों’, लग्नाच्या वरातीत बँडवाले हमखास घेतात ते ‘शोला जो भडके’, किशोरकुमारचे ‘ईना मीना डीका’ आणि मराठी घरांत दोन-तीन पिढ्यांनी लहान मुलांना म्हणून दाखवलेले ‘पप्पा सांगा कुणाचे’. या चारही गाण्यांचा संगीतकार एकच आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. तो संगीतकार अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात जन्मला, हे तर जिल्ह्यातही अनेकांच्या लक्षात येत नाही. रामचंद्र नरहर चितळकर ऊर्फ सी. रामचंद्र यांचा जन्म १२ जानेवारी १९१८चा आणि निधन ५ जानेवारी १९८२चे. शंभराहून अधिक चित्रपटांना संगीत देणाऱ्या या माणसाने हिंदी चित्रपटगीताचा ठेका बदलला. तरीही गाणी सर्वांची आणि संगीतकार कोणाच्याच ध्यानात नाही, असे का झाले?

पुणतांब्याशी नाते काय?

पुणतांबा हे गोदावरीकाठचे गाव. चांगदेवांच्या समाधीमुळे वारकरी परंपरेत त्याला स्थान आहे. २०१७च्या शेतकरी संपाची हाक याच गावातून दिली गेली, त्यामुळे अलीकडच्या पिढीला ते त्या कारणाने माहीत आहे. दौंड-मनमाड रेल्वेमार्गावरचे हे स्थानक असून शिर्डीचा फाटा येथूनच फुटतो. याच मार्गावर जवळच चितळी हेही स्थानक आहे. चितळकर हे आडनाव ऐकले की या भागातल्या माणसाला ते गाव आठवल्याशिवाय राहत नाही.

रामचंद्र यांचे संगीताचे सुरुवातीचे शिक्षण मात्र जिल्ह्याबाहेर झाले. नागपूरला शंकरराव सप्रे यांच्याकडे आणि नंतर पुण्यात विनायकबुवा पटवर्धन यांच्या गांधर्व महाविद्यालयात ते शिकले. विनायकबुवा हे पंडित विष्णू दिगंबर पलुस्कर यांचे शिष्य. तेथे शिस्तीची, रागदारीची तालीम मिळाली. पुढे ज्यांच्यावर पाश्चात्त्य सुरावटी आणल्याचा ठपका आला, त्या सी. रामचंद्र यांचा पाया ग्वाल्हेर घराण्याच्या वळणाचा होता, हे विसरले जाते.

अभिनेता व्हायचे होते, मग संगीतकार कसे झाले?

चित्रपटात ते आले ते नायक होण्यासाठी. वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’ या चित्रपटात त्यांना थेट प्रमुख भूमिका मिळाली. चित्रपट चालला नाही. मग मुंबईत सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये ते किरकोळ भूमिका करू लागले. ‘सैद-ए-हवस’ आणि ‘आत्मतरंग’ या चित्रपटांत ते होते, पण त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जावे असे काही त्यात नव्हते.

उपयोगी पडली ती हार्मोनियम. मिनर्व्हाचे संगीतकार बुंदू खाँ आणि हबीब खाँ यांना ते पेटीची साथ करू लागले. चाल कशी रचली जाते, ती नटाच्या किंवा गायकाच्या गळ्यात कशी उतरवली जाते, प्रसंग बदलला की लय कशी बदलायची, हे त्यांना येथे जवळून पाहता आले. नायक म्हणून आलेला तरुण कंपनीच्या पगारावर पेटी वाजवतो, ही पीछेहाटच होती. पण चित्रपटसंगीत शिकवणारी शाळा तेव्हा दुसरी नव्हती.

एकाच माणसाची इतकी नावे का?

सी. रामचंद्र यांचा शोध घेताना हा पहिला अडथळा येतो. अभिनेता आणि गायक म्हणून ते आर. एन. चितळकर किंवा नुसते चितळकर. सुरुवातीच्या काही चित्रपटांना संगीतकार म्हणून राम चितळकर. काही ठिकाणी अण्णासाहेब, एका चित्रपटाला शामू. आणि ज्या नावाने ते प्रसिद्ध झाले ते सी. रामचंद्र. यातील ‘सी’ म्हणजे चितळकर. आडनावाचे आद्याक्षर आधी आणि मग नाव, ही मांडणी मराठी नाही. ऐकणाऱ्याला ती दक्षिणेकडची वाटते. त्यामुळे सी. रामचंद्र हे दाक्षिणात्य संगीतकार असावेत असा समज आजही भेटतो. गंमत म्हणजे स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांचे पहिले चित्रपट खरोखरच तमिळ होते. ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’ ही त्यांची नावे.

याचा दुसरा परिणाम असा, की ‘लता मंगेशकर आणि चितळकर’ असे श्रेय वाचणाऱ्याला चितळकर हा कोणी वेगळा गायक वाटतो. प्रत्यक्षात चाल बांधणारा आणि गाणारा एकच माणूस असतो.

भगवानदादांशी जोडी कशी जमली?

ते दोन्ही तमिळ चित्रपट दिग्दर्शित केले होते मास्टर भगवान, म्हणजेच भगवान आबाजी पालव यांनी. गिरणी कामगाराचा हा मुलगा कुस्तीचा शौकीन होता आणि कमी पैशांत मारधाडीचे चित्रपट काढत होता. दोघेही मराठी, दोघेही बिनवशिल्याचे. १९४२च्या ‘सुखी जीवन’पासून रामचंद्र यांचे नाव हिंदीत होऊ लागले, तेही भगवान यांच्याच सोबतीने.

पुढे रामचंद्र गोरेगावच्या फिल्मिस्तानमध्ये गेले. ही संस्था १९४३मध्ये शशधर मुखर्जी, अशोककुमार आदींनी मालाडच्या बॉम्बे टॉकीजमधून बाहेर पडून उभी केली होती. १९४६चा ‘सफर’ गाजला. त्यानंतर पी. एल. संतोषी यांचा ‘शहनाई’ आला. तो प्रदर्शित झाला १५ ऑगस्ट १९४७ रोजी. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी चित्रपटगृहात गेलेल्या प्रेक्षकाने रविवारी भेटायला बोलावणारे, शिट्टी वाजवत म्हटलेले एक खट्याळ गाणे ऐकले. पुरुषाचा आवाज स्वतः चितळकरांचा होता. हिंदी चित्रपटातले प्रेमगीत तोपर्यंत बहुधा उसासे टाकणारे असे. हे गाणे उड्या मारत आले आणि देशभर गेले.

त्यानंतर हाती घेतलेले काम चालतेच, असा काळ आला. १९४९च्या ‘पतंगा’मध्ये रंगूनहून डेहराडूनला टेलिफोन करणाऱ्या नवऱ्याचे गाणे होते. शमशाद बेगम आणि चितळकर यांनी गायलेल्या या गाण्यात टेलिफोन हे नवे यंत्र विनोदाचा आणि विरहाचा विषय झाले. १९५०च्या ‘समाधी’ आणि ‘सरगम’ची गाणी घराघरांत पोहोचली. १९५१मध्ये भगवानदादांनी ‘अलबेला’ काढला. नायक ते स्वतः, नायिका गीता बाली. बुटक्या, गोलसर बांध्याच्या, चाळीतल्या माणसासारख्या दिसणाऱ्या नायकाला या चित्रपटाने तारा केले. त्यात भगवानदादांच्या नाचाचा वाटा होताच, पण ज्यावर ते नाचले ते संगीत जुन्या मित्राचे होते.

जाझ हिंदी गाण्यात आले कुठून?

हा या कथेतला मुंबईचा भाग आहे. १९३० आणि १९४०च्या दशकांत अपोलो बंदरावरच्या ताजमहाल हॉटेलात आणि इतर बड्या हॉटेलांत जाझ बँड वाजत. सुरुवातीला परदेशी वादक होते. हळूहळू त्यांची जागा गोव्याच्या वादकांनी घेतली. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन, ट्रम्पेटसारखी वाद्ये वाजवायला शिकवले जाई. ही मुले मोठी होऊन पोटापाण्यासाठी मुंबईत येत. धोबी तलावच्या परिसरात त्यांच्या गावांनी चालवलेले ‘कूड’, म्हणजे सामायिक निवासाच्या खोल्या, होत्या. नोकरी लागेपर्यंत किंवा जहाज मिळेपर्यंत तेथे स्वस्तात राहता येई.

यांच्यातलेच एक आंतोनियो झेवियर वाझ. बार्देशातील हळदोण्याचे. ट्रम्पेट असे वाजवीत, की लोक त्यांना भारताचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. व्यावसायिक नाव चिक चॉकलेट. सी. रामचंद्र यांनी त्यांना आपल्या सोबतीला घेतले. ‘अलबेला’च्या एका गाण्यात चिक चॉकलेट यांचा बँड पडद्यावरही दिसतो. बेनी गुडमन या अमेरिकी जाझ वादकाचा रामचंद्र यांच्यावर प्रभाव होता. सॅक्सोफोन, गिटार आणि माउथऑर्गन यांचा मेळ त्यांनी हिंदी गाण्यात आणला. ‘शोला जो भडके’मध्ये बोंगो, ओबो, ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन एकत्र वाजतात.

‘ईना मीना डीका’ची जन्मकथाही या सहवासाचीच आहे. १९५७च्या ‘आशा’ चित्रपटासाठी हे गाणे होते. संगीतकाराच्या खोलीबाहेर खेळणाऱ्या मुलांच्या इंग्रजी बडबडगीतावरून पहिले शब्द सुचले आणि जॉन गोम्स या गोमंतकीय साहाय्यकाने त्यात ‘माका नाका’ची भर घातली, असे सांगितले जाते. कोकणीत याचा अर्थ मला नको. देशभरातले लोक ते निरर्थक शब्द समजून नाचले, पण सिंधुदुर्गातल्या किंवा गोव्यातल्या श्रोत्याला त्यातला अर्थ बरोबर कळला असणार.

ही चोरी होती का? काही चाली परदेशी गाण्यांवर बेतलेल्या होत्या, हे खरे. ‘समाधी’मधील दोन नायिकांचे गाजलेले नृत्यगीत एका अमेरिकी चित्रपटातील गाण्यावरून स्फुरले होते. पण तो धागा घेऊन रामचंद्र यांनी त्यावर जो ढोलकीच्या अंगाचा ठसका चढवला, तो त्यांचा होता. नगर-नाशिक पट्ट्यात तमाशाच्या फडाची ढोलकी ज्याच्या कानावरून गेली आहे, त्याला ‘अलबेला’च्या गाण्यांतला हा ठसका लगेच ओळखू येतो. पाश्चात्त्य वाद्ये आणि मराठी लय यांची ही सोयरीक होती. ती मुंबईतच जुळू शकत होती, कारण पुणतांब्याचा चितळकर आणि हळदोण्याचा वाझ एका खोलीत बसावेत अशी दुसरी जागा देशात फारशी नव्हती.

गाणे तेव्हा तयार कसे व्हायचे?

आज एकेक वाद्य वेगळे ध्वनिमुद्रित करून संगणकावर जोडले जाते. चुकलेला सूर नंतर दुरुस्त करता येतो. त्या काळी ही सोय नव्हती. गायक, वादक, समूहस्वर सगळे एकाच दालनात, एकाच वेळी. आवाज चित्रपटाच्या फितीवर प्रकाशाच्या साहाय्याने नोंदवला जाई. शेवटच्या कडव्यात एखादा वादक चुकला, तर सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. कोणते वाद्य मोठे ऐकू यावे हे बटणाने नव्हे, तर वादकाला माइकपासून किती अंतरावर बसवले यावर ठरे.

दुसरी मर्यादा तबकडीची. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन ते साडेतीन मिनिटेच मावत. मुखडा, दोन-तीन कडवी आणि मधले वाद्यसंगीत एवढ्यात बसवायचे. संगीतकार पेटीवर चाल ऐकवी. साहाय्यक किंवा संयोजक ती स्वरलिपीत उतरवून प्रत्येक वादकाला त्याचा कागद देई. गोमंतकीय वादकांना कागद वाचता येई, म्हणून थोड्या तालमीत मोठा वाद्यवृंद उभा राहू शके. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र यांपैकी बहुतेकांची नावे येत नसत. श्रेयाच्या या उतरंडीत सी. रामचंद्र गायकाच्या एक पायरी खाली राहिले आणि त्यांचे वादक त्याहून कितीतरी खाली.

मग ते केवळ ठेक्याचे संगीतकार होते का?

अजिबात नाही. हा गैरसमज दूर करायला १९५३चा ‘अनारकली’ पुरेसा आहे. बीना राय आणि प्रदीपकुमार यांच्या या चित्रपटातील लताबाईंचे शेवटचे गाणे भीमपलास रागावर आधारलेले आहे, तर हेमंतकुमार आणि लता यांचे युगुलगीत बागेश्रीवर. त्यात बोंगो नाही, ट्रम्पेट नाही. हा संगीतकार ‘अलबेला’नंतर दोनच वर्षांनी इतका शांत होऊ शकतो, याचे तेव्हाही आश्चर्य वाटले असेल.

बागेश्री त्यांचा लाडका राग. १९५५च्या ‘आझाद’मधील राधेच्या रुसव्याचे गाणेही त्याच रागातले. कोइंबतूरच्या पक्षीराजा स्टुडिओच्या या चित्रपटाचे निर्माते-दिग्दर्शक श्रीरामुलु नायडू यांना संगीत फार लवकर हवे होते. आधी नौशाद यांना विचारले गेले, पण इतक्या घाईत काम करणे त्यांना मान्य नव्हते, असे सांगितले जाते. रामचंद्र यांनी ते अंगावर घेतले आणि काही दिवसांत सगळी गाणी तयार झाली. त्यातील एक युगुलगीत त्यांनी स्वतः, तलत महमूद यांच्या धाटणीच्या मऊ आवाजात गायले. आजही ते ऐकताना अनेकांना आवाज तलत यांचाच वाटतो.

१९५९मध्ये व्ही. शांताराम यांच्या ‘नवरंग’साठी त्यांनी दिलेले संगीत हे आणखी एक टोक. मालकंसातले चंद्राचे गाणे आणि होळीचे नृत्यगीत. आशा भोसले आणि महेंद्र कपूर यांना या चित्रपटाने मोठी संधी दिली. १९६१च्या ‘स्त्री’साठीही शांताराम यांनी त्यांनाच घेतले.

त्यांच्यावर टीका का झाली?

१९५२मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर पुरस्कर्ते होते. चित्रपटगीते, त्यातही पाश्चात्त्य ठेक्याची गाणी, लोकांची अभिरुची बिघडवतात असे त्यांचे मत होते. आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळपास कात्री लागली. एका मराठी मंत्र्याच्या धोरणाचा फटका ज्यांना बसला, त्यांत मराठी संगीतकारही होते आणि सी. रामचंद्र त्यांत ठळक होते.

श्रोत्यांनी यावर आपला मार्ग काढला. काटा फिरवून ते रेडिओ सिलोनकडे गेले. डिसेंबर १९५२मध्ये अमीन सयानी यांची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि देशातली गाणी देशाबाहेरच्या केंद्रावरून देशात ऐकली जाऊ लागली. १९५७मध्ये आकाशवाणीने विविध भारती सुरू केली, तेव्हा चित्रपटगीतांना पुन्हा घरचा दरवाजा उघडला. गांधर्व महाविद्यालयात शिकलेल्या माणसाच्या संगीताला शास्त्रीय संगीताच्या नावाखाली बाहेर ठेवले गेले, हा त्यातला विरोधाभास.

लता मंगेशकर आणि ‘ऐ मेरे वतन के लोगों’चे काय?

१९४०च्या दशकाच्या अखेरीपासून जवळजवळ दहा वर्षे सी. रामचंद्र यांच्या बहुतेक उत्तम चाली लता मंगेशकर यांनी गायल्या. त्या दशकाच्या शेवटी दोघांचे काम थांबले. कारणांविषयी बरेच बोलले आणि लिहिले गेले. रामचंद्र यांच्या ‘माझ्या जीवनाची सरगम’ या आत्मचरित्रातील मजकुरावरूनही नंतर चर्चा होत राहिली. कारण काहीही असो, परिणाम स्पष्ट आहे. ज्या आवाजासाठी ते चाली बांधत होते, तो आवाज त्यांच्याकडे उरला नाही. आशा भोसले यांच्याकडून त्यांनी सुंदर गाणी गाऊन घेतली, तरी त्यांच्या कामाचा ओघ कमी होत गेला.

१९६२च्या चीन युद्धातील पराभवानंतर चित्रपटसृष्टीने जवानांच्या मदतीसाठी दिल्लीत कार्यक्रम करायचे ठरवले. कवी प्रदीप यांनी गीत लिहिले, चाल सी. रामचंद्र यांची. जानेवारी १९६३मध्ये प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास नॅशनल स्टेडियममध्ये पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्यासमोर लताबाईंनी ते गायले. नेहरूंच्या डोळ्यांत पाणी आले, ही आठवण तेव्हापासून सांगितली जाते. दुरावलेले दोघे या एका गाण्यासाठी एकत्र आले होते.

चाल नीट ऐकली तर तिची ताकद कशात आहे ते कळते. युद्धगीत म्हटले की बिगूल, नगारे आणि चढा आवाज अपेक्षित असतो. आपल्याकडे वाद्यवृंदाचा सारा डोलारा असताना रामचंद्र यांनी सुरुवात जवळजवळ बोलण्याच्या पट्टीत ठेवली. आवाज हळूहळू चढतो, समूहस्वर मागून येतो. मेलेल्या जवानाच्या घरी बसायला गेलेल्या माणसाने जसे हळू बोलावे, तशी ही चाल आहे. म्हणून साठ वर्षांनंतरही ती जुनी होत नाही.

शेवटची वर्षे कशी गेली?

यशाच्या काळातच त्यांनी न्यू साई प्रॉडक्शन्स ही निर्मितीसंस्था काढली होती. ‘झांझर’ आणि ‘लहरें’ (दोन्ही १९५३) तसेच ‘दुनिया गोल है’ (१९५५) हे तिचे चित्रपट. आज ते फारसे कोणाला आठवत नाहीत. संस्थेच्या नावातला साई मात्र पुणतांब्याच्या शेजारच्या शिर्डीची आठवण करून देतो.

१९६०च्या दशकात हिंदीत शंकर-जयकिशन, ओ. पी. नय्यर आणि नंतर राहुलदेव बर्मन यांचा काळ आला. ज्या ठेक्याला दहा वर्षांपूर्वी नाके मुरडली गेली, तोच आता सर्वमान्य झाला होता. फक्त तो आणणाऱ्याला काम कमी होते. रामचंद्र मराठीकडे वळले. ‘धनंजय’ (१९६६) आणि ‘घरकुल’ (१९७०) या मराठी चित्रपटांची निर्मिती त्यांनी केली, संगीत दिले आणि भूमिकाही केल्या. ‘घरकुल’मध्ये ग. दि. माडगूळकरांचे ‘पप्पा सांगा कुणाचे’ आहे, तसेच सुरेश भटांचे ‘मलमली तारुण्य माझे’ही आहे. एक गाणे तीन वर्षांच्या मुलाला म्हणता येते, तर दुसरे गाताना कसलेल्या गायिकेचीही परीक्षा होते. माडगूळकरांच्या ‘गीतगोपाल’लाही त्यांचेच संगीत आहे.

चौसष्टावा वाढदिवस आठवड्यावर आला असताना ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांचे मित्र भगवानदादा यांच्या वाट्याला त्याहून कठीण दिवस आले. बंगला आणि मोटारींचा ताफा गेला. ते दादरच्या चाळीत राहिले आणि फेब्रुवारी २००२मध्ये गेले.

त्यांची मुंबई पायी कशी पाहावी?

नगर जिल्ह्यातून मुंबईला जाणाऱ्यांची फेरी बहुधा मंत्रालय, रुग्णालय किंवा नातेवाईक एवढ्यापुरती असते. एक दिवस जास्त काढता आला, तर सी. रामचंद्र यांच्या काळातली मुंबई चालत पाहता येते. खर्च लोकलच्या तिकिटाचा आणि चहाचा.

पहिला टप्पा दक्षिण मुंबईचा. गेटवेसमोर ताजमहाल हॉटेलकडे पाठ न करता आधी तिकडेच पाहावे, कारण जाझची सुरुवात तेथे आहे. तेथून रिगल, फ्लोरा फाउंटन, आझाद मैदानाच्या कडेने मेट्रो चित्रपटगृह. समोरच धोबी तलाव. जुन्या जेर महालसारख्या इमारतींत गोव्यातल्या गावांचे कूड होते. ताजमध्ये रात्री वाजवून गोव्याचा वादक ज्या खोलीत परतत असे, त्या खोलीपर्यंतचे हे अंतर तीन किलोमीटरच्या आत आहे. पुढे जगन्नाथ शंकरशेट रस्त्याने गिरगाव ओलांडून रॉयल ऑपेरा हाउस. ही शंभरी पार केलेली वास्तू २०१६मध्ये दुरुस्तीनंतर पुन्हा खुली झाली. तेथून डॉ. भडकमकर मार्ग, म्हणजे जुना लॅमिंग्टन रोड. आज तेथे लोक इलेक्ट्रॉनिक्सचे सुटे भाग घ्यायला जातात. एके काळी हा चित्रपटगृहांचा रस्ता होता आणि नाझ इमारतीत वितरकांची कार्यालये होती. चित्रपट किती आठवडे चालणार याचे अंदाज येथे बांधले जात. हा सगळा टप्पा साधारण पाच किलोमीटरचा. सकाळी लवकर निघाल्यास ऊन चढायच्या आत संपतो.

दुसरा टप्पा परळ ते दादर. परळला व्ही. शांताराम यांचा राजकमल स्टुडिओ. तेथून हिंदमाता, दादर टीटी आणि पूल ओलांडून प्लाझा. हा गिरणगावाच्या कडेचा भाग आहे. ‘अलबेला’चा प्रेक्षक याच चाळींत राहत होता.

तिसरा टप्पा उपनगराचा. गोरेगाव पश्चिमेला स्वामी विवेकानंद रस्त्यावर फिल्मिस्तान. ‘शहनाई’, ‘समाधी’, ‘अनारकली’ या संस्थेचे. २०२५मध्ये हा स्टुडिओ बांधकाम व्यावसायिकाने विकत घेतला. त्यामुळे पाहायचे असेल तर लवकर जावे. पुढचे स्थानक मालाड. तेथे बॉम्बे टॉकीजच्या आवारात आता लहान कारखाने आहेत.

मोबाइलवर त्यांची गाणी कशी शोधावीत?

संगीताच्या अॅपवर गाण्याखाली आधी गायकाचे नाव येते. संगीतकाराचे नाव बघायला तपशील उघडावा लागतो. त्यामुळे ‘सी. रामचंद्र’ एवढेच शोधून थांबू नये. ‘चितळकर’ असेही शोधावे, म्हणजे त्यांनी स्वतः गायलेली गाणी वेगळी मिळतात. ऐकण्याचा क्रम लावायचा तर ‘शहनाई’, ‘पतंगा’, ‘अलबेला’, ‘अनारकली’, ‘आझाद’, ‘आशा’, ‘नवरंग’ आणि शेवटी ‘घरकुल’ असा लावावा. तेवीस वर्षांचा प्रवास दोन-तीन तासांत कानांखालून जातो.

हेडफोन लावून ऐकताना गायकाच्या आवाजावरून लक्ष थोडे बाजूला न्यावे. मागे ट्रम्पेट कधी येते, ढोलकी कोठे उचलते, दोन ओळींच्या मध्ये काय वाजते ते ऐकावे. तो भाग सी. रामचंद्र आणि त्यांच्या वादकांचा आहे. त्या वादकांपैकी बहुतेकांची नावे आता मिळणार नाहीत. सी. रामचंद्र यांचे नाव मात्र आहे, गाव आहे, तारखा आहेत. पुढच्या वेळी रेल्वेने शिर्डीकडे जाताना पुणतांब्याची पाटी दिसली, तर सोबतच्या मुलांना एवढे सांगता येईल, की ‘पप्पा सांगा कुणाचे’ची चाल बांधणारा माणूस या गावात जन्मला.